मसुद्यातल्या त्या 'आणि'ला सही करू नका

प्रश्न : आमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं. चौदा महिन्यांपासून पत्नी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी, दुसऱ्या शहरात राहते. पाच महिने मला मुलीला भेटू दिलेलं नाही, म्हणून मीही पैसे बंद केले. आता परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा आलाय. त्यात लिहिलंय, 'पत्नी मुलीसाठी पोटगी मागणार नाही आणि पती मुलीला भेटण्याचा हक्क सोडत आहे.' मोठे भाऊ म्हणतात, मुलगी पाचाची झाली की ताबा बापाचा, सरळ शाळेतून घेऊन ये. काय करू?

उत्तर : सगळी गोम त्या 'आणि'त आहे. पोटगी मुलीची आहे, तिच्या आईची नाही. आईने आज ती सोडली तरी उद्या मुलीच्या वतीने अर्ज होऊ शकतो आणि हे कलम त्याच्या आड येत नाही. म्हणजे पैसे द्यावे लागणारच, भेट मात्र तुम्ही स्वतःच्या सहीने घालवलेली. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कोर्ट पुढे बदलू शकतं, हे खरं. पण तो कागद समोरचे वकील दर तारखेला काढून दाखवतील. असे मसुदे मी बरेच पाहिलेत. लिहिणाऱ्याला प्रकरण लवकर मिटवायचं असतं, बाकी काही नाही.

भावांचं म्हणणं अर्धवट आहे. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं, की पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत ताबा सामान्यतः आईकडे असावा. पाचव्या वाढदिवसाला तो आपोआप बापाकडे जातो, असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यानंतर कलम १३प्रमाणे मुलीचं हित बघतात : तिला शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री जवळ कोण असतं, वर्गशिक्षिकेचं नाव कोणाला ठाऊक आहे.

शाळेच्या फाटकावरून मुलीला उचलणं तर डोक्यातून काढूनच टाका. तुम्ही बाप आहात, त्यामुळे अपहरणाचा गुन्हा होईलच असं नाही. पण पत्नी हेबिअस कॉर्पससाठी, म्हणजे 'मुलीला कोर्टापुढे हजर करा' असा आदेश मागायला, उच्च न्यायालयात जाऊ शकते. शिवाय ताब्याचा अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधीशांपुढे तुमची पहिली ओळख काय असेल? भर रस्त्यात पोरीला रडवणारा माणूस.

पैसे आजच सुरू करा. ती भेटू देत नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही, तसंच तुम्ही पैसे देत नाही म्हणून तिलाही भेट अडवता येत नाही. दोन्ही खाती वेगळी. थांबवून वाचत काहीच नाही : सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलंय, आणि दोघांनाही मिळकत-कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. फी शाळेच्या खात्यात, बाकी रक्कम पत्नीच्या खात्यात भरा. सासऱ्यांच्या हातात पाकीट देऊ नका. त्याची पावती कोणी देत नाही.

भेटीसाठी १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येईल. तो तुमच्या शहरात चालणार नाही. मुलगी जिथे नेहमी राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात, ते नसेल तर जिल्हा न्यायालयात करावा लागतो. मुख्य निकालाला वेळ लागतो, म्हणून सोबत अंतरिम भेटीचा अर्ज जोडाच.

संमतीने सुटायचंच असेल तर खुशाल सुटा, पण मसुदा नव्याने लिहून घ्या. 'पतीस वाजवी भेट मिळेल' या वाक्याला काडीची किंमत नाही; 'वाजवी' म्हणजे काय यावरच पुढचं भांडण होतं. असं लिहा : दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६, नेणं-आणणं वडिलांकडे, मुलगी आजारी असल्यास पुढचा शनिवार, दर बुधवारी संध्याकाळी ७ वाजता व्हिडिओ कॉल, मोठी सुट्टी निम्मी-निम्मी. पोटगीचा आकडा, तो दरवर्षी किती वाढणार आणि पासपोर्टला दोघांची संमती, ही कलमं वेगळी ठेवा.

आदेश झाला की पहिल्या भेटीला आजी, आत्या, भाऊ अशी वरात नेऊ नका. पाच महिन्यांनी भेटणारी पोर आहे, सुरुवातीला कदाचित बोलणारही नाही. 'आई काय म्हणते?' हे तर विचारूच नका. तिची जुनी चित्रकलेची वही घरी असेल, ती घेऊन एकटे जा.