पुरळ, पुळ्या आणि राहून गेलेला डोस

जानेवारी उजाडला की कांजिण्यांची पत्रं सुरू होतात, ती शाळांच्या परीक्षा संपेपर्यंत थांबत नाहीत. यंदाही तेच. त्यात गोवर, नागीण आणि ‘अंगावर काहीतरी उठलंय’ हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून विचारलेलं. सोबत फोटो पाठवणाऱ्यांना एकदाच सांगतो : मोबाइलच्या फोटोवरून मी पुरळाचं निदान करत नाही. मूल दाखवा, जवळच्या डॉक्टरांना.

कांजिण्यांची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते का?

नाही. ती राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी डॉक्टरांकडे विकत घ्यावी लागते.

मुलीला सव्वा वर्षाची असताना कांजिण्यांची लस दिली होती. आता सहाव्या वर्षी तिला कांजिण्या झाल्याच. लस बनावट होती का?

बनावट नव्हती, अपुरी होती. या लसीचे डोस दोन. पहिला १५ महिन्यांनंतर, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी किंवा चार ते सहा वर्षांच्या दरम्यान. एका डोसवर साधारण ८० ते ८५ टक्के मुलांचा बचाव होतो. दुसरा घेतला की तो ९० टक्क्यांच्या वर जातो. तुमची मुलगी उरलेल्यांतली.

पण फोड मोजलेत का? लस न घेतलेल्या मुलाच्या अंगावर अडीचशे ते पाचशे फोड उठतात. लस घेतलेल्याला बहुधा पन्नासच्या आत, त्यातले पुष्कळसे पाणी न भरताच सुकतात आणि ताप नावापुरता. तरीही ती इतरांना देऊ शकते, म्हणून सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिन अजिबात नको, आणि घरात पडलेली आयब्युप्रोफेनची बाटलीही बाहेर काढू नका.

आजेसासूबाई म्हणतात, कांजिण्यांत अंघोळ घालायची नाही, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा.

अंघोळ घाला, नखं कापा. पाला राहू द्या. त्याच्या भरवशावर दवाखाना लांबणीवर टाकू नका.

चार वर्षांच्या मुलाच्या काखेत आणि पोटावर मोत्यासारख्या पुळ्या आहेत. एका क्लिनिकने ‘सहा सिटिंग्ज’चं पॅकेज सांगितलं. आता काही पुळ्या लाल होऊन सुजल्यात. यावर लस आहे का?

लस नाही. पुळी भिंगाखाली धरून पाहा. मधोमध बारीकशी खळी दिसली, तर हे बहुधा मोलस्कम, म्हणजे विषाणूमुळे होणारा एक त्वचारोग. खात्री डॉक्टरांनी करायची. हा विषाणू देवीच्या विषाणूचा लांबचा भाऊबंद. तो कातडीच्या अगदी वरच्या थरात मुक्काम करतो, रक्तात उतरत नाही आणि प्रतिकारशक्तीला चकवणारी प्रथिनं स्वतःच बनवतो. त्यामुळे कित्येक महिने शरीराला त्याचा पत्ताच लागत नाही. लागला, की त्या जागी पेशी धावून येतात, पुळी लाल होते, सुजते, आणि पुढच्या काही आठवड्यांत बरेचदा नाहीशी होते. नेमक्या त्याच वेळी आईवडील घाबरून मेडिकलमधून अँटिबायोटिक मलम आणतात आणि पुळ्या गेल्या की श्रेय मलमाला देतात. हां, पू झाला, दुखायला लागलं, ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. डोळ्याजवळच्या पुळ्या, किंवा मुलाला आधीपासून इसब असेल, तर त्वचारोगतज्ज्ञच गाठा.

एरवी सहा ते अठरा महिन्यांत हे आपोआप जातं. सुईने फोडू नका, पसरतं. टॉवेल वेगळा ठेवा. आणि पॅकेजचे पैसे भरण्याआधी एवढंच विचारा, ‘काहीच केलं नाही तर काय होईल?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

मुलाला नवव्या महिन्यात एमआर (गोवर-रुबेला) लस दिली. दुसऱ्या डोसच्या वेळी सर्दी होती, मग गावी गेलो, ते राहूनच गेलं. आता तो तीन वर्षांचा आहे. बूस्टर नाही दिला तर चालेल ना? सासूबाई म्हणतात, गोवर एकदा निघून गेलेला बरा, अंग साफ होतं.

चालणार नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो आणि दर वेळी त्यात ‘बूस्टर’ हा शब्द असतो. एमआरचा दुसरा डोस बूस्टर नाही. नऊ महिन्यांच्या बाळाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शिल्लक असू शकतात. ती लसीतल्या विषाणूला रुजण्याआधीच गारद करतात. म्हणून नवव्या महिन्यात शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी बाळांनाच लस लागू पडते. मग वर्षानंतरच का देत नाही? कारण आपल्याकडे गोवर तेवढी वाट पाहत नाही. राहिलेल्या पंधरांसाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस असतो. तुमचा मुलगा पंच्याऐंशीतला की पंधरातला, हे त्याच्या तोंडाकडे पाहून मला सांगता येत नाही, तुम्हालाही नाही.

साधी सर्दी हे लस टाळण्याचं कारण नाही. गावी जाणं तर नाहीच. लसीकरणाचं कार्ड घेऊन कुठल्याही सरकारी केंद्रावर गेलात तर लस मिळते. ऊसतोडीला बीडहून निघालेल्या बाईने कार्ड पिशवीत जपून ठेवलेलं मी पाहिलंय, आणि शहरातली सुशिक्षित मंडळी ‘कार्ड बहुतेक जुन्या घरी राहिलं’ म्हणतात. तीन वर्षांच्या मुलाला राहिलेला डोस आजही देता येतो. पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. या आठवड्यात जा.

आता ‘अंग साफ’ होण्याबद्दल. साफ होते ती शरीराची आठवण. गोवराचा विषाणू ज्या पेशी जुन्या जंतूंची ओळख जपून ठेवतात त्यांनाच मारतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवराआधी आणि नंतर तपासणी झाली. इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. पुरळ आठवड्याभरात जातं, पण न्यूमोनिया आणि जुलाब पुढे कित्येक महिने टपून बसतात. लसीने असं काही होत नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, मुलं दगावली, आणि मग लसीसाठी रांगा लागल्या. रांग नेहमी नंतर लागते.

ताप, लाल डोळे, खोकला, नाक गळतंय आणि कानामागून पुरळ सुरू झालंय, तर आधी फोन करून मगच दवाखान्यात या. वेटिंगमध्ये तान्ही बाळं असतात आणि हा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. गोवर ठरला तर डॉक्टर जीवनसत्त्व अ चे दोन डोस देतील. ते मनाने घरी पाजू नका.

इम्युनिटी वाढवणारं सिरप सुरू करू का?

नको.

सात वर्षांच्या मुलीच्या बरगडीवर एका बाजूने पट्ट्यासारखे फोड आलेत. शेजारी म्हणतात, नागीण आहे, विळखा पूर्ण झाला तर जिवावर बेतेल.

विळखा पूर्ण होत नाही. फोड एका मज्जातंतूच्या वाटेने येतात आणि तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. कांजिण्यांचा विषाणू आजार गेल्यावरही मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित राहतो, तोच पुन्हा उठतो. मुलीला वर्षाच्या आत, किंवा तुम्हाला तिच्या वेळी गरोदरपणात कांजिण्या झाल्या होत्या का, आठवा. लस घेतलेल्या मुलांत नागीण बरीच कमी दिसते. लेप आणि मंत्र यांत दिवस घालवू नका. विषाणूवरची गोळी द्यायची ठरलीच, तर ती लवकर दिलेली बरी. डोळ्याच्या किंवा नाकाच्या आसपास फोड असतील तर हे वाचणं सोडून आधी निघा.

थोरल्याला काल कांजिण्या उठल्या. धाकट्याने लस घेतलेली नाही. आता देऊन उपयोग आहे का?

आहे. संपर्क आल्यापासून तीन, फार तर पाच दिवसांत दिली तर. पत्र पाठवण्याऐवजी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. हे उत्तर छापून येईपर्यंत ती मुदत गेलेली असणार. आता संपर्कापासून तीन आठवडे धाकट्यावर लक्ष ठेवा. पहिला फोड दिसला की दाखवा, कारण घरात दुसऱ्या मुलाला होतात त्या कांजिण्या पुष्कळदा जास्त जोराच्या असतात. फोड नाहीच आले, तरी त्याची लस द्यायचीच आहे. आणि घरात कुणी गरोदर असेल, जिला कांजिण्या झालेल्या नाहीत नि लसही नाही, तर मुलांच्या आधी तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवा.