कुपवाडच्या फाउंड्रीतून एम.टेक.ला निघताना

विश्रामबाग, सांगली

बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. कुपवाड एमआयडीसीत तीन वर्षं भट्टीसमोर काढून तुला अजून शिकावंसं वाटतंय, याचं मला फार बरं वाटलं. नोकरी लागली की आपल्याकडं पुस्तकं माळ्यावर जातात. तुझी अजून खाली आहेत.

‘सर, मास्टर्सला नेमकं काय काय लागतं?’ असं विचारलंयस. कागदांचं आधी उरकतो. एम.टेक.ला बी.ई.मध्ये ५० टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. सोबत गेट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर, तो तीन वर्षं चालतो. गेटशिवायही उरलेल्या जागांवर प्रवेश मिळतो, पण मग महिन्याचं १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत नाही. ते फक्त पूर्णवेळ आणि गेट पास असलेल्यांना, जास्तीत जास्त २४ महिने, आणि त्याबदल्यात आठवड्याला आठ-दहा तास लॅब, ट्युटोरियल असं विभागाचं काम करावं लागतं. कंपनीनं स्पॉन्सर केलं तर पगाराचं तुझं आणि मालकांचं काय ठरेल ते ठरेल, पण विद्यावेतन विसरायचं. घरचा हप्ता चालू आहे म्हणालास, म्हणून हा हिशोब आईसमोर बसून कर. एकट्यानं करू नकोस.

गेटला भिऊ नकोस. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य बुद्धिमत्तेचे, आणि तेच आपली मुलं हलक्यात घेऊन घालवतात. मेकॅनिकलच्या पेपरात कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणं, आहे: पॅटर्न, मोल्ड, कोअर, रायझर, गेटिंग. तू रोज हातानं करतोस तेच. पण हाताला कळलेलं गणितात मांडता आलं पाहिजे. रायझर, म्हणजे थंड होताना आकसणाऱ्या कास्टिंगला धातू पुरवणारा साठा, केवढा ठेवायचा हे तुला मिस्त्रीमामांनी शिकवलं. तेवढाच का, हे कागदावर सोडवून बघ.

आता खरं सांगायचं ते. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, एआयसीटीई, हिनं २०१८ साली एम.टेक.चा आदर्श अभ्यासक्रम दिला, त्यात दोन वर्षांची मिळून ६८ क्रेडिट आहेत. कॉलेजप्रमाणं थोडा फरक पडतो. त्यातली २६ क्रेडिट एकट्या डेझर्टेशनची, म्हणजे प्रबंधाची: पहिला टप्पा १०, दुसरा १६. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सरळ तुझ्या स्वतःच्या कामावर. पेपर तर तू पास होशीलच. मुलं अडकतात ती इथं. पहिलं वर्ष लेक्चरमध्ये जातं, तिसऱ्या सेमिस्टरला गाइड विचारतात, ‘विषय काय घेणार?’, मग धावाधाव करून सीनियरचा विषय थोडा बदलून घेतला जातो. नऊ प्रयोगांचा तयार तक्ता, सॉफ्टवेअरमधला आलेख, झालं काम. डिग्री मिळते, मुलाच्या हातात काही उरत नाही. असे प्रबंध मी तपासलेत आणि प्रत्येक वेळी त्या पोरांसाठी वाईट वाटलंय.

तुझ्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे, तू ती सहज लिहून गेलास: ‘पावसाळ्यात आमचं रिजेक्शन वाढतं, सगळे म्हणतात हवाच तशी.’ बाळा, ही ओळ म्हणजे विषय आहे. हवा तशी म्हणजे कशी? शेडच्या उघड्या बाजूनं रिटर्न सॅन्डवर, म्हणजे साच्यातून परत आलेल्या वाळूवर, झड येते का? वाळूतला ओलावा दिवसातून किती वेळा मोजता, आणि मोजून मिक्सरला पाणी कमी करता, की ठरलेला मग तसाच ओतता? पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट फुगते. ती मोल्डमधून बाहेर पडली नाही तर कास्टिंगमध्ये शिरते, आणि मशीनिंगला टूल लागलं की खाली ब्लो होल, म्हणजे वाफेनं पडलेली पोकळी, उघडं पडतं. एवढं तुला माहीत आहे. पण ओलावा किती वाढला की रिजेक्शन किती वाढतं, त्यात बेंटोनाइटचा, वाळू बांधणाऱ्या मातीचा, वाटा किती, वाळूच्या पर्मिएबिलिटीचा, म्हणजे तिच्यातून वायू किती सहज जातो त्याचा, किती, आणि धातू थंड ओतला गेल्याचा किती, हे वेगळं करून तुमच्या शेडमध्ये कुणी दाखवलेलं नाही. ते तू दाखव. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या फाउंड्र्यांना त्याचा उपयोग आहे.

याच बाबतीत मी पोळलोय, म्हणून सांगतो. नोकरी करत एम.ई. केलं तेव्हा पंपाच्या इम्पेलरच्या कास्टिंगवर विषय घेतला होता. एका कारखान्यानं डेटा देतो म्हणून तोंडी कबूल केलं. चार महिने दर शनिवारी एसटीनं जाऊन मी तिथं मापं घेतली. मग साहेब बदलले. नवे म्हणाले, हे आकडे बाहेर जाणार नाहीत. वही माझी, हस्ताक्षर माझं, पण प्रबंधात एक आकडा घालता येईना. सहा महिने वाया गेले, मुदतवाढीची फी भरली, आणि घरी बाबांना काय सांगायचं म्हणून दोन दिवस घरीच गेलो नाही. तुझं तसं व्हायला नको. प्रवेश घ्यायच्या आधी मालकांकडून लेटरहेडवर लिहून घे: कुठला डेटा वापरायचा, कंपनीचं नाव घालायचं की नाही, पेपर छापायचा तर कुणाची परवानगी लागेल. तोंडी शब्द देणारा माणूस खोटा नसतो, पण तो उद्या त्या खुर्चीत असेलच असं नाही.

परदेशातल्या एम.इंज.बद्दल, म्हणजे मास्टर ऑफ इंजिनिअरिंगबद्दल, विचारलंस. अमेरिकेत ते साधारण ३० क्रेडिटचं असतं आणि ४ पैकी ३ जीपीए टिकवावा लागतो. बहुतेक ठिकाणी थिसिस नसतो, कोर्स आणि फार तर एक प्रोजेक्ट. कॅनडात एम.इंज. कोर्सवर चालतं, संशोधनाची डिग्री वेगळी असते. ही डिग्री कमी प्रतीची, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. कामातल्या माणसासाठीच ती बेतलेली आहे. पण खर्च बहुतेक स्वतःचा, कारण असिस्टंटशिप, म्हणजे विभागात काम करून मिळणारं मानधन, प्रामुख्यानं थिसिसवाल्यांना जाते. आणि पुढं पीएच.डी. मनात असेल तर थिसिस नसल्याची अडचण येऊ शकते. तू डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेलास, तेव्हा डिप्लोमाच्या गुणपत्रिकाही सांभाळून ठेव. मला विचारशील तर कर्ज काढून आत्ताच जाऊ नकोस. तुझा प्रश्न कुपवाडच्या वाळूत आहे. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज, कराडचं शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज, दोन्ही तुझ्या शेडपासून दिवसात जाऊन यायच्या अंतरावर आहेत. आधी तिथं बघ.

आणखी एक, लिहिण्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) २०१८ चा नियम आहे: प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० निघालं तर सुधारून परत द्यावा लागतो, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. इंग्रजी कच्चं म्हणून दुसऱ्याची वाक्यं उचलायचा मोह होईल. आधी मराठीत लिही, मिस्त्रीमामांना सांगतोस तसं. मग इंग्रजी करू, मी बसेन तुझ्यासोबत.

गेल्या जूनपासूनचं रिजेक्शन रजिस्टर आणि सॅन्ड लॅबची वही मालकांना विचारून घेऊन ये. विचारून, न सांगता नको. रविवारी सकाळी दहानंतर मी घरीच आहे. ब्लो होलचे दोन-तीन तुकडे भंगारातून मिळाले तर तेही आण, कापलेले असले तर उत्तम. भिंग आहे माझ्याकडं.

तुझा,
सर