17 खाडे आणि नळाचा दिवस

‘कामाला एक नंबर, पण आठवड्याला एक खाडा ठरलेला. बोललो तर सोडून जाईल, नाही बोललो तर बाकीच्या बायका मलाच नावं ठेवतात.’

सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यातला, शिलाई खात्याचा तरुण सुपरवायझर हेमिंगच्या (कडा शिवण्याच्या) मशीनवरच्या एका बाईबद्दलची ही अडचण घेऊन समुपदेशनाला आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याचा त्रागा खरा होता. हेमिंगचं एक मशीन बंद राहिलं की कटिंगकडून आलेले तुकडे टेबलावर साचत जातात आणि पुढे तपासणी-पॅकिंगच्या बायका रिकाम्या बसतात.

त्याने आधी तेच केलं होतं जे बहुतेक जण करतात. दोन महिने गप्प राहिला आणि मग एका सकाळी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘अक्का, उद्यापासून घरीच बसा.’ ती आठवडाभर नियमित आली, मग पुन्हा खाडा. चारचौघांत बोलणी खाल्लेलं माणूस खरं कारण सांगत नाही. ‘अंगात कणकण होती’ म्हणतं आणि विषय संपवतं.

म्हणून पहिलं काम हजेरीपटाचं. जानेवारी ते एप्रिल असे चार महिने घेतले आणि कॅलेंडरच्या पानांवर तिच्या प्रत्येक खाड्याला लाल गोल केला. एकूण 17. त्यातले दोन गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले. तेव्हा अख्ख्या खात्याची हजेरी पडते, ते एकटीच्या नावावर धरणं चूक. तीन सलग, मुलीच्या तापाचे, कळवून घेतलेले. उरले 12. त्यांना वार नव्हता: कधी मंगळवार, कधी शनिवार. पण दोन गोलांमधले दिवस मोजले तर 5, 10, 5, 15. म्हणजे पाचाचा पाढा.

सोलापुरात ज्यांच्या घरी चार-पाच दिवसांआड नळ येतो त्यांना हे लगेच उमगलं असतं. या सुपरवायझरच्या इमारतीला बोअर होता.

खाड्यांची नुसती बेरीज घेऊन बसलात तर बोलण्याचं भांडण होतं. तारखा कारणाकडे नेतात. दर आठवड्याला एकाच वारी सकाळी गैरहजेरी असेल तर बचत गटाचा किंवा मायक्रोफायनान्सचा हप्ता असू शकतो. पगार झाल्यावर लगेच दोन-तीन दिवस जात असतील तर दारू किंवा सावकाराचा तगादा. हे अंदाज आहेत, आरोप नाहीत. बोलताना ते तोंडातून काढू नयेत.

बोलणं दोघांतच, पाळी सुरू होताना, 15-20 मिनिटं. पाळी सुटताना नको, तेव्हा तिचं लक्ष रिक्षाकडे असतं. ‘घरी सगळं ठीक ना?’ असंही विचारू नये, त्याला ‘हो’ हेच उत्तर मिळतं. त्याने पानं पुढे ठेवली. ‘अक्का, गड्ड्याचे आणि पोरीच्या तापाचे सोडून हे 12. मशीन बंद राहिलं की पुढचं काम अडतं.’ आणि तो थांबला. हे थांबणं सगळ्यांत अवघड जातं. मिनिटभराने तिने एका गोलावर बोट ठेवलं. ‘ह्या दिवशी सकाळी नळ होता, सर. सासूचे गुडघे गेलेत. दोन टिपाडं, टाकी, सगळं मीच भरते.’ नळ संध्याकाळी किंवा रात्री आला की ती कामाला येत होती. म्हणून खाडे निम्म्याच फेऱ्यांना.

तोडगा तिथल्या तिथे कबूल करू नये, आधी मॅनेजरला विचारावं. सुपरवायझरने दिलेली सवलत वरून मोडली की पुढे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. इथे ठरलं ते असं: सकाळचा नळ असेल तेव्हा आठऐवजी अकराला यायचं आणि ते तीन तास त्याच आठवड्यात भरून द्यायचे. खाडा अटळ असेल तर सातच्या आत स्वतः फोन, शेजारणीकडून निरोप नाही. दोघांच्या सह्या, 15 दिवसांनी आढावा, मग महिन्याने. हीच सोय मागणाऱ्या दुसऱ्या कोणाला नकार द्यायचा नाही; नाहीतर ‘तिचे लाड’ सुरू झाल्याची कुजबुज होते.

तिला आणखी एक गोष्ट सांगितली, जी कामगारांना क्वचितच कोणी सांगतं. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) आजारपणाचा लाभ, म्हणजे वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या 70 टक्के, मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. बिनपगारी खाडे वाढत गेले की हे दिवस कमी होतात, आणि गरजेच्या वेळी हात रिकामे राहतात.

सगळं करूनही खाडे थांबले नाहीत तर लेखी मेमो द्यावा, उत्तराला वेळ द्यावा, पुढचं काम कारखान्याच्या स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांप्रमाणे. सवयीची विनारजा गैरहजेरी त्यांत गैरवर्तन धरली जाते. पण तोंडी ‘घरी बसा’ला तिथे जागा नाही, आणि आधीच्या बोलण्याची तारीखवार नोंद नसेल तर मेमोही लंगडा पडतो.

इथे ती वेळ आली नाही. पुढच्या महिन्यात एक खाडा झाला: जलवाहिनी फुटली, वेळापत्रक कोलमडलं आणि नळ अवेळी आला. त्या दिवशी पावणेसातला तिचा फोन आला, आणि आठच्या आत त्या मशीनवर दुसरी बाई बसली होती.