शिनाण्यातली प्रथिनं मोजताना

ब्रॅडफर्ड पद्धत (प्रथिनांना चिकटून निळा होणारा रंग किती गडद झाला ते मोजायचं) सोपीच आहे, पण शिनाण्याच्या (खाण्याच्या शिंपल्यांचा एक प्रकार) पचनग्रंथीत प्रथिनं तोडणारी विकरं भरपूर असतात. म्हणून शिंपला उघडल्यापासून सगळं बर्फावर कर. १ ग्रॅम ऊतीला १० मिली थंड फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, पीएच ७.४) घे. त्यात १ मिलिमोलर पीएमएसएफ (ही विकरं रोखणारं रसायन) ऐनवेळी टाक. पाण्यात त्याचा जोर तास-दोन तासांत निम्म्यावर येतो, त्यामुळे आदल्या दिवशी मिसळून ठेवलेला बफर बिनकामाचा. शिवाय ते विषारी आहे, हातमोजे घालच.

ऊती या बफरमध्ये वाट आणि ते वाटण सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगानं फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) ४ अंशांवर, १०,००० जी, २० मिनिटं फिरव. 'जी' म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर ते, आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, हा घोळ नवख्यांचा हमखास होतो. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरला त्यासाठी मिनिटाला सुमारे १०,६०० फेरे लागतात. वर चरबीचा थर तरंगेल. तो टाळून मधला द्रव उचल, नाहीतर नमुना गढूळ होऊन वाचन फुगतं.

पुढे २० मायक्रोलिटर नमुना, १ मिली अभिकर्मक (तोच रंग), ५ मिनिटं थांबून वर्णपटमापकावर ५९५ नॅनोमीटरला वाचन. तासाभरानंतरचं वाचन धरू नकोस, रंगाचा साका बसू लागतो. बीएसएची (गाईच्या रक्तातलं प्रथिन) मानकं, म्हणजे तुलनेसाठी माहीत प्रमाणाचे नमुने, ०.१२५ ते १ मिग्रॅ/मिली ठेव आणि ती त्याच बफरमध्ये बनव. नमुना या पट्ट्याबाहेर गेला तर मानकांच्या आलेखाची रेघ पुढे ओढू नकोस, नमुनाच पातळ कर. बफरमध्ये एसडीएस किंवा ट्रायटन (साबणासारखी रसायनं) असेल तर ही पद्धत सोड आणि बीसीए (प्रथिनं मोजायची दुसरी पद्धत) वापर. क्वार्ट्झची क्युव्हेट (वाचनासाठी नमुना ठेवायची छोटी नळी) तर मुळीच नको. निळा डाग निघता निघत नाही, प्लास्टिकची बरी.