बुलेटच्या टाकीवरचं नाव

उद्यमबाग, बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतली अप्रेंटिसशिप आणि हत्तरगीकडची खासगी नोकरी, दोन्ही एकाच आठवड्यात हातात आल्या, बरं झालं. पण "काका, आता ऑर्डनन्सच्या सरकारी शस्त्र कारखान्यांची पण कंपनी झाली, मग खडकीला जाऊन काय मिळणार?" असं विचारलंस, त्याचं उत्तर मोबाइलवर अंगठ्यानं लिहिण्यासारखं नाही. म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्या बुलेटच्या टाकीकडे बघ. त्यावरचं एनफिल्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेचं ली नदीकाठचं गाव. तिथं १८१६ पासून इंग्रज सरकारचा बंदुकांचा कारखाना. त्याला सुटे भाग पुरवायचं काम एका सायकलवाल्या कंपनीला मिळालं आणि तिनं ते नाव आपल्या गाड्यांना लावून टाकलं. म्हणजे जॉबवर्कवाल्यानं गिऱ्हाइकाचं नाव मिरवलं. उद्यमबागेत कुणी असं केलं तर दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस!

शाळेत १८५७ चं काडतूस प्रकरण शिकलास, ती रायफलही एनफिल्डच्याच नमुन्याची. पण आपल्या धंद्याच्या दृष्टीनं त्याच सुमाराला तिथं दुसरी मोठी गोष्ट झाली. अमेरिकेतून यंत्रं आणली आणि एका रायफलीचा भाग कुठल्याही दुसऱ्या रायफलीत बसेल असं काम सुरू झालं. तोवर कारागीर कानस घेऊन एकेक तुकडा घासून जुळवायचा. पुढं तेच तंत्र बंगालात ईशापूरला आलं. आमच्या वेळी एनसीसीला .३०३ रायफल असायची. दस्त्याजवळच्या पोलादी कडीवर आर. एफ. आय., म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर. तेलकट चिंधीनं पुसताना ती अक्षरं बोटाला लागायची.

आता विक्रीचं. १९८४ साली थॅचरबाईंच्या सरकारनं कायदा केला आणि २ जानेवारी १९८५ ला एनफिल्डसारखे तिथले सगळे सरकारी दारूगोळ्याचे, तोफांचे, बंदुकांचे कारखाने मिळून रॉयल ऑर्डनन्स नावाची कंपनी झाली. शेअर सगळे सरकारचेच. पुढं ते बाजारात आणायचे होते, पण १९८६ मध्ये तो बेत बारगळला. लीड्सचा रणगाड्यांचा कारखाना व्हिकर्स या खासगी कंपनीनं घेतला आणि एप्रिल १९८७ मध्ये उरलेलं सगळं १९ कोटी पौंडांना ब्रिटिश एरोस्पेस या विमानं बनवणाऱ्या कंपनीला गेलं. कंपनी झाल्यापासून विकली जाईपर्यंत सव्वादोन वर्षं.

त्याच वर्षी एनफिल्ड बंद करायचं जाहीर झालं, १९८८ ला कुलूप लागलं. वॉल्थम अ‍ॅबीची बंदुकीच्या दारूची जागा १७८७ पासून सरकारची, तिचाही काही भाग या सौद्यात होता. लंडनच्या इतक्या जवळची जमीन कारखान्याच्या भावानं गेली का, यावर पार्लमेंटात बरीच आदळआपट झाली. आज एनफिल्डच्या त्या जागेवर वसाहत आहे. जुन्या मशीन शॉपची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत तेवढी ठेवलीय. पिरनवाडीच्या बाजूला एकरांचे भाव बघतोस ना, मग यातलं गणित तुला समजावून सांगायला नको.

पण माझ्या मते जमीन ही लहान गोष्ट. एनफिल्डमध्ये सुरू झालेली ब्रिटिश सैन्याची एसए-८० रायफल नॉटिंगहॅमला हलवली. ती अडकायची, सैनिक वैतागायचे. शेवटी सुमारे २ लाख रायफली जर्मनीच्या हेकलर अँड कॉखनं सुधारून दिल्या, आणि ही जर्मन कंपनी तेव्हा त्याच ब्रिटिश मालकाच्या खिशात होती! नॉटिंगहॅमही २००१ ला बंद. ब्रिजवॉटरचा स्फोटकांचा कारखाना २००८ ला गेला. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तोफगोळे कमी पडायला लागले, तेव्हा वेल्समधल्या ग्लास्कोइडला गोळ्यांत स्फोटकं भरायची नवी इमारत बांधायला काढली.

रायफलीत दोष आधीपासूनच होते, सगळं विक्रीवर ढकलायचं नाही. तरी मला आमच्या बापूंची आठवण येते. मी ज्या शॉपमध्ये अकरा वर्षं काढली, ते मालकानं विकलं. नव्यानं लेथ मोजले, कास्टिंग मोजली, ड्रॉइंगची कपाटंसुद्धा मोजून घेतली. मशीन लावून देणारे बापू सेटर त्याच महिन्यात निवृत्त झाले. पंधरा दिवसांत पंपाच्या बॉडीचा बोअर, म्हणजे आतलं भोक, तिरका यायला लागला. ड्रॉइंग तेच, काम पकडायचं फिक्श्चर तेच, मशीन तेच. येळ्ळूरला बापूंच्या घरी गेलो तर ते हसले आणि सदऱ्याच्या खिशातून पितळेची पट्टी काढली, विड्याच्या पानाएवढी पातळ. वीस वर्षं ते ती फिक्श्चरच्या डाव्या पायाखाली सरकवत होते. झिजलं होतं तिथं. पट्टी कुठल्या यादीत असणार?

आपल्याकडचं आता ऐक. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं. ४१ कारखाने, सात कंपन्या. खडकी गेली म्युनिशन्स इंडियाकडे, तिचं मुख्यालय पुण्यातच. संपाची हाक होती, तर आधी अध्यादेश आणि मग कायदा करून संपच बंद केला. ते मला आवडलं नव्हतं, अजून आवडत नाही. पण कंपनी होणं आणि विकलं जाणं या दोन गोष्टी आहेत. शेअर आजही पूर्ण सरकारचे. इंग्लंडात झालं तेच इथं होईल असं मी म्हणत नाही, होणार नाही असंही छातीवर हात ठेवून सांगत नाही.

तेव्हा "सरकारी" या शब्दासाठी खडकीला जाऊ नकोस. अप्रेंटिस झाला म्हणजे कायम झाला असं नसतं, हे तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव. पण १८६९ चा कारखाना आहे तो. तिथं एखादा बापू अजून कामावर असेल, त्याच्या मशीनशी वर्षभर उभं राहायला मिळत असेल तर जा. सेक्शन कुठला देणार ते आधी विचार. टूलरूम किंवा गेज रूम मिळाली तर डोळे झाकून हो म्हण. नुसत्या पॅकिंगला टाकणार असतील तर हत्तरगी बरी, तिथं निदान पाच अक्षांच्या मशीनला हात लागेल.

वही ठेव, पण दारूगोळ्याच्या कारखान्यातला एक आकडा, एक ड्रॉइंग त्यात येता कामा नये. मोबाइल तर गेटवरच जमा होईल. हाताची रीत लिही: आवाज बदलला की टूल कधी काढायचं, म्हातारे काय चाचपून बघतात.

शनिवारी दोन्ही पत्रं घेऊन ये. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी आलास की तुझी बुलेट ऐकू येतेच, तोवर चहा टाकतो. बापूंची पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, मायक्रोमीटर लावून बघ किती भरते.

तुझा,
काका