नाव नोंदवताना आधी काय टिपावे?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात राहतो. आमच्या दरीत गेलिक ही इथली जुनी भाषा बोलणारी जी मोजकी वृद्ध मंडळी उरली आहेत, ती डोंगर, ओढे, खडक अशा जागांची नकाशावर नसलेली कितीतरी नावे सांगतात. ही नावे अर्थांसह नोंदवून ठेवावीत असे वाटते. पण एकाच नावाचे दोघे जण दोन अर्थ सांगतात. अशा वेळी काय करावे?

उत्तर : दोन्ही अर्थ, ज्याचा त्याच्या नावापुढे, लिहून ठेवावेत आणि निवाड्याची घाई करू नये. अर्थ पुढे एखादा अभ्यासकही लावू शकेल. सांगणारी व्यक्ती गेल्यावर मात्र तिचा उच्चार आणि तिने दाखवलेली नेमकी जागा कोणालाच परत मिळवता येणार नाही. म्हणून पहिला मान ध्वनिमुद्रणाला द्यावा. प्रत्येक नाव वाक्यात एकदा आणि सुटे दोनदा म्हणवून घ्यावे.

उच्चारात बरेच काही दडलेले असते. गेलिक नावात ‘डोंगर’, ‘ओढा’ असा सामान्य शब्द बहुधा आधी येतो आणि आघात नंतरच्या विशेषणावर पडतो. स्काय किंवा लुईस बेटावरच्या ‘कारबॉस्ट’, ‘शॉबॉस्ट’ यांसारख्या नॉर्स (व्हायकिंगांच्या भाषेतल्या) मुळाच्या नावांत तो सुरुवातीला पडतो. तिथला ‘बॉस्ट’ म्हणजे शेतवाडी. आघात कुठे आहे हे नीट ऐकले, तर निम्मे तर्कवितर्क आपोआप गळून पडतात. ‘गोर्म’ हा रंगवाचक शब्द बोलताना र आणि म यांच्यामध्ये एक स्वर येतो, तो लेखनात दिसत नाही. (भाषाशास्त्रज्ञ याला चक्क ‘स्वरभक्ती’ म्हणतात.) या शब्दाच्या कक्षेत निळा रंगही येतो आणि गवताचा हिरवाही, त्यामुळे असे नाव असलेला डोंगर कोणत्या ऋतूत, कुठून पाहिला जात असे, हेही विचारावे.

जागेसाठी सहा अंकी ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) पुरत नाही, कारण तो शंभर मीटरचा चौकोन दाखवतो आणि एखादा खडक किंवा डोह त्यात हरवून जातो. आठ अंकी घ्यावा. शक्य असेल तर सांगणाऱ्यासोबत तिथे जावे. नावात ‘आरी’ असेल, म्हणजे उन्हाळी चराईचे ठिकाण, तर आसपास दगडी झोपड्यांचे पाये आणि अधिक हिरवे गवत दिसते का ते पाहावे. जमिनीची साक्ष ऐकीव कथेपेक्षा भक्कम ठरते. कथाही सोडू नये, फक्त वेगळ्या रकान्यात लिहावी.

मग जुन्या नोंदींकडे वळावे. १९ व्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेने मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे केले, तेव्हा प्रत्येक नावाची लेखनरूपे आणि ती सांगणाऱ्यांची नावे नामनोंदवह्यांत उतरवली. त्या अमोल आहेत. परंतु अनेक सर्वेक्षकांना गेलिक येत नव्हते आणि साक्षीदार म्हणून जमीनदार, पाद्री, शिक्षक यांना झुकते माप मिळत असे. मेंढपाळाने सांगितलेले नाव वहीतल्या नावाशी जुळले नाही, तर ते ‘दुरुस्त’ करू नये. सभ्यपणापायी झालेले फेरफारही असतात : केर्नगॉर्म पर्वतरांगेतल्या ‘डेव्हिल्स पॉइंट’ या शिखराच्या गेलिक नावाचा अर्थ ‘सैतानाचे शिश्न’ असा आहे, आणि पाहुण्याला तो कोणी सहजी सांगेलच असे नाही.

प्रमाण लेखनाबाबत ‘आन्मेन-आच्चे ना हालपा’ ही गेलिक स्थलनामांविषयी सल्ला देणारी राष्ट्रीय संस्था मार्गदर्शन करते. ऐकलेले रूप आणि प्रमाण रूप दोन्ही ठेवावे. ध्वनिमुद्रणापूर्वी लेखी संमती घ्यावी आणि एक प्रत स्थानिक इतिहास मंडळाकडे द्यावी.