नाशिकच्या अंबडमध्ये नवा शेड घेतलेल्या मित्रासाठी

भाऊ, मोठ्या कंपनीतला रोबो बघून आपल्याकडेही काही नवीन करावं असं तुमच्या मनात आलंय. जरूर करा. फक्त आधी आपली कंपनी कशी आहे ते नीट बघा, कारण तीच सुधारणा एकाला तारते आणि दुसऱ्याच्या बोकांडी बसते.

सुरुवातीला एवढंच विचारा:

- नग किती? नगामागे २ रुपये वाचवणारं फिक्स्चर (काम चालू असताना पार्ट पक्का धरून ठेवणारी जोडणी) वर्षाला २ लाख नग काढणाऱ्याला ४ लाख मिळवून देतं, ५ हजारवाल्याला जेमतेम १० हजार.
- ड्रॉइंग कोणाचं? जॉबवर्क, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे करून द्यायचं काम असेल तर पार्ट सुधारल्याचा फायदा बहुतेक गिऱ्हाइकाकडे जातो. सेटिंगचा वेळ (नवीन पार्टसाठी मशीन जुळवायला लागणारा), रिजेक्शन, टूलचं आयुष्य यातली बचत तुमच्याकडे राहते. पण गिऱ्हाईक एकच असेल तर तीही पुढच्या रेटच्या बोलणीत निसटते. म्हणून दुसरं गिऱ्हाईक शोधणं हाही याच कामाचा भाग समजा.
- चालवणार कोण?

इथेच मी फसलो होतो. सातपूरला नवीन सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन) घेतलं, प्रोग्रॅम येणारा मुलगा एकच. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि मशीन १२ दिवस झाकून राहिलं. बँकेचा हप्ता मात्र चालूच. मशीन येण्याआधी दोन ऑपरेटर तयार करा.

पेटंट, सबसिडी नंतर बोलू. उद्या सेटिंगच्या वेळी मशीनपाशी स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. जॉ (पार्ट पकडणारे मशीनचे जबडे) बदलायला किती मिनिटं, पाना शोधायला किती, वहीत लिहा. आठवड्याचे आकडे घेऊन या, मग बसू.